भिवाईच्या डोहाची मोजणी

मी मत्स्यशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाडीने माझी यथेच्छ थट्टा केली. "मासळी विकायला चार वरसं शिकलीस गो, अंकिता?" तुळसाआत्या सगळ्यांदेखत विचारायची. वनखात्यात, मत्स्यखात्यात, संवर्धनाच्या प्रकल्पांत केवढ्या वाटा आहेत हे सांगून माझा घसा बसला. वाटा होत्या, जागा नव्हत्या. दोन वर्षं अर्ज केले आणि घरच्या म्हशींचं शेण काढलं.

मग महाडला एका संस्थेचा प्रकल्प आला. नदीतले खडशी मासे जपायचे. आमच्या वरंधजवळच्या वाडीत, भिवाईच्या डोहात, ते हातभर लांबीचे आहेत. तिथे कुणी गळ टाकत नाही. कुरमुरे टाकतात, हात जोडतात. आणि मासे कधीच मोजत नाहीत. देवीची लेकरं मोजली की कमी होतात म्हणे.

प्रकल्पाचे सर मला म्हणाले, "गावाची परवानगी आणि पहिली मोजणी तू आण. समन्वयकाची कायम जागा तुझी." मी हुरळले, दुसरं काय!

डोहाची पूजा माझ्या सख्ख्या चुलत्याकडे, मालोजीकाकांकडे. आठ दिवस त्यांच्या ओटीवर चकरा मारल्या. शेवटी गावच्या सभेत तेच उभे राहिले. "पोर आपली हाय. ती सायब झाली तर डोह आपल्याच हातात ऱ्हाईल. येकदा मोजू द्या तिला."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, पण नको कुणी म्हटलं नाही. काकांनी देवीपुढे नाक घासलं, डोहात कुरमुरे टाकले, मासे वर आले आणि मी मोजले. एकशे सदतीस.

महिन्याभराने समन्वयकाच्या जागेवर शुभम नेमला गेला, सरांचा विद्यार्थी. मी तशीच महाडला जाऊन सरांसमोर उभी राहिले.

"असं बघ, गावच्याच मुलीला गावावर नेमलं तर निःपक्षपातीपणा राहत नाही," ते म्हणाले. "तू मोजणीला मदतीला येत जा."

ज्या नात्याच्या जोरावर ह्या माणसाने डोह मिळवला, तेच आता माझा दोष ठरलं! गरज सरो नि वैद्य मरो. इतका संताप झाला की रडूसुद्धा आलं नाही. घरी सांगायला मात्र तोंड उघडेना. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दुसऱ्या मोजणीचा दिवस आला.

जीप आली तेव्हा काका झेंडूचा हार घेऊन उभे होते. माझ्यासाठी. जीपमधून शुभम उतरला.

"ह्ये कोन?"

"नवे साहेब, काका."

"मंग तू?"

"मला फसवलं सरांनी."

काकांनी हार शुभमच्या गळ्यात घातला, पाहुण्याची रीत म्हणून. तो ओशाळला. चांगला मुलगा असेल, पण मला तो डोळ्यांसमोर नको झाला. माणसं डोहाकडे निघाली तसे काका माझ्यापाशी थांबले. आवाज चढवला नाही.

"तुला त्या सरानं फसवलं, खरं हाय. आन् आमाला कुनी फसवलं गो?"

इतके दिवस सरांना द्यायच्या शिव्या मी मनात घोळवत होते. त्यातली एकही इथे कामाची नव्हती.

"मी, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग कुरमुऱ्यांची पिशवी काखेत मारून ते डोहाकडे पाठ करून घरी चालू लागले.