पऱ्हाटी कोण नेतं?

समुद्र न पाहिलेल्या अकोटच्या पोरीनं जहाजं चालवायला घेतली, असं पुण्याच्या ऑफिसात मला चिडवायचे. आमचं कामच तसं होतं. एका जहाज कंपनीला धूर कमी करायचा होता आणि उपाय आम्ही सुचवायचा होता. पुष्कर म्हणायचा, जहाजावर उंच फिरते खांब बसवा, वाऱ्याच्या जोरानं जहाज ढकललं जाईल, तेल कमी लागेल. मी म्हणायचे, वाऱ्याचा काय भरवसा? आमच्या वऱ्हाडात कापूस वेचून झाला की कपाशीच्या झाडांची वाळकी पऱ्हाटी शेतात तशीच उभी असते. तिच्यापासून मिथेनॉल करा आणि त्यावर जहाज चालवा.

"आणि ही पऱ्हाटी आज कुणीच वापरत नाही, गीतांजली?" पुष्करनं भर बैठकीत विचारलं.

"कुणीच नाही. शेतातच पेटवून देतात," मी म्हटलं.

अहवालातही तेच लिहिलं. गावी आमची सामाईक शेती बघणाऱ्या खुशालरावकाकांना फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले, "फुकटच जाते ते." शेताच्या मालकाला विचारलं तर दुसरं काय ऐकायला मिळणार? पण मला माहीत होतं. दर वर्षी आमच्याकडे मजुरीला येणारी पार्वताबाई आमच्या शेतातली पऱ्हाटी उपटून रान मोकळं करून द्यायची आणि मजुरीऐवजी तीच घरी न्यायची. वर्षभर तिची चूल त्यावर पेटायची. आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा मी त्याच चुलीपुढे बसून जेवले आहे. विसरले, असं म्हणायची मला सोय नाही. मला पुष्करला हरवायचं होतं, एवढंच.

हरवलं. त्याचे खांब फायलीत गेले. अकोल्याबाहेर कारखाना उभा राहिला आणि यंदा फेब्रुवारीत काकांच्या शेतातल्या पऱ्हाटीचा यंत्रानं एका सकाळीत भुगा करून नेला, काकांना त्याचे पैसे मिळाले.

मार्चमध्ये या इंधनाला हरित असल्याचं प्रमाणपत्र द्यायला परदेशातून एक तपासनीस बाई आल्या. कुणाच्या वापरातली वस्तू हिसकावून घेतली असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून गावात चार जणांना विचारायचं होतं. दुभाषी मी. पार्वताबाईचं नाव यादीत मीच घातलं. स्वतः कबूल करायची हिंमत नव्हती. ती खरं सांगेल, मी फक्त इंग्रजीत सांगीन, असा माझा बेत होता. भेकडपणा करायलाही डोकं लागतं.

पार्वताबाई अंगणात चुलीपुढे बसली होती. चुलीत बाभळीची ओली फांदी आणि तुटकी प्लास्टिकची चप्पल जळत होती. कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर होतं, त्यावर कपडे वाळत घातलेले. तपासनीस बाईंना धुरानं ठसका लागला. मला वर बघवेना.

"मावशी," मी विचारलं, "आमच्या शेतातली पऱ्हाटी पयले कोन नेत होतं?"

तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनीच नाई. पेटवून देत होते."

"नीट आठवून सांग. तू नेत नव्हती?"

"मी काहून नेऊ वं? मायाजवळ गॅस हाये."

बाईंनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ही खोटं बोलते आहे, आणि तिच्याआधी मी बोलले. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी पार्वताबाईचा शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. भाषांतरात कुठे चूक नव्हती. बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

मी मागे थांबले.

"मावशी, खोटं काहून सांगतलं?"

"सकाळी खुशालरावभाऊ येऊन गेले ना. म्हने, पऱ्हाटीचं बोलली त गीतांजलीची नोकरी जाते." तिनं फांदी चुलीत आत सारली. "दोन काड्यांसाठी तुयं नुकसान काहून करू? मी आनतो नाल्यावरून काही ना काही."

मी चपलेचा जळता तुकडा चुलीबाहेर ओढला. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

"बरोबर सांगतलं ना वं? राह्यते ना आता नोकरी?"

"राह्यते," मी म्हटलं, आणि तिचे आभार मानले.