बिनवासाचे चार देठ

सहा जानेवारीच्या दुपारी किनुए मोरीत उभी राहून सेरी या पाणथळीतल्या, खमंग वासाच्या पालेभाजीची एकच जुडी तिसऱ्यांदा धूत होती. जुडी कधीच स्वच्छ झाली होती. जीव थाऱ्यावर नव्हता तो किनुएचा.

सकाळी आठला ती पाटावर गेली, दहापर्यंत नऊ जुड्या बांधल्या, अकराच्या आत आठ घरी पोचवूनही झाल्या. उद्या, सात तारखेच्या सकाळी, जपानी रिवाजाप्रमाणे गावातल्या नऊच्या नऊ घरांत सात पाल्यांची पेज शिजणार होती. बाकीचे सहा पाले ज्याचे त्याने बांधावरून आणायचे, पण सेरी आणायची ती किनुएनंच. सासू गेल्यापासून एकेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. कारण त्याच पाटात सेरीच्या मांडीला मांडी लावून विषसेरी उगवते. पान दोघींचं जवळपास सारखंच, कातरलेलं. विषारीचं थोडं लांबट नि टोकदार, पण कोवळं असताना भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तिचा एक घास पोटात गेला तर धडधाकट गडी संध्याकाळ बघत नाही.

किनुएला कधी चिंता नव्हती. पान डोळ्यांनी निवडायचं आणि देठ चुरडून नाकाशी न्यायचा. सेरीचा वास खणखणीत, विषारीला वासच नाही. शिवाय दर डिसेंबरच्या हिमात विषसेरी करपून जायची आणि सेरी तेवढी जांभळट पडून जमिनीला चिकटून राहायची. या वर्षी मात्र हीव असं पडलंच नाही. पाटात सगळंच हिरवंगार, घोट्याएवढं वाढलेलं. आणि ऑक्टोबरच्या तापात किनुएचं नाक गेलं होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही. शहरातला मुलगा शुंजी टपूनच बसला होता, "आई, थोडं काही बिनसलं की तुला इकडेच घेऊन येणार," म्हणून. सहाव्या मजल्यावर, जिथे खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात, तिथे जाऊन तिनं काय करायचं होतं? टीव्हीला पाला निवडून द्यायचा होता?

तर ती जुडी. त्यातला एक देठ तिला जाडसर वाटला. दाबला, तर आतून पोकळ. पण सेरीचा देठही पोकळच असतो. चुरडून नाकाशी नेला. पाण्याचा गारवा तेवढा लागला. दातांखाली धरावा असं क्षणभर मनात आलं आणि तिनं तो झटकन खाली टाकला. आठ घरं, त्यातल्या तीन घरांत लेकरं.

तिनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, कोयता घेतला आणि जवळजवळ पळतच पाट गाठला.

तिथे तिनं जे केलं ते गावात कुणी बघितलं असतं तर डोळ्यांवर विश्वास ठेवला नसता. सेरी चिखलाच्या वर दोन बोटं कापायची, मूळ कधी उपटायचं नाही, हा सासूचा नियम किनुएनं सासूपेक्षा कडक चालवला होता. एकदा गावातल्याच यासूच्या नवऱ्यानं चार मुळं उपटली होती, तर किनुएनं त्याला भर थंडीत चिखलात उतरवून ती चारही परत लावायला लावली होती. तीच किनुए आता पाटात वाकून, सकाळी कापलेली एकेक बुडखी मुळासकट ओढून काढत होती. पान खोटं बोलेल, पण मूळ बोलत नाही. सेरीचं मूळ म्हणजे पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका. विषारीचं मूळ जाड, हिरवं, आणि उभं चिरलं की आत बांबूसारखी पेरं.

पांढरे दोरे. पांढरे दोरे. पुन्हा पांढरे दोरे. बोटं बधिर झाली. काठावर बुडख्यांचा ढीग वाढत गेला, तसा तिला हुरूपही येत गेला. उगाच घाबरले, असं ती स्वतःला म्हणतच होती की हाताला काहीतरी जाड लागलं.

तिनं ते कोयत्यानं उभं चिरलं. आत पेरं होती.

"काय गं, सासूबाई वरून बघतायत हो!"

काठावर यासू उभी होती. दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आल्या, आणि तेव्हापासून एकमेकींना शांतपणे जगू दिलं नव्हतं. यासूच्या हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी होती.

"माझ्या म्हाताऱ्याला चार मुळांसाठी चिखलात उभं केलंस, आणि आज स्वतः सगळा पाट उपसतेस?"

किनुएनं चिरलेलं मूळ वर धरलं. यासूचा चेहरा उतरला. तिनं पुरचुंडी उघडली. आत चार देठ होते.

"माझ्या जुडीतले," ती म्हणाली. "वासच येईना. म्हटलं आधी तुला दाखवावेत, मग बोंब मारावी."

"तू वास घेऊन बघितलास? माझ्या जुडीचा?"

"नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे बसली होतीस. चुलीवर घेवडा जळून कोळसा झाला, घरभर धूर, आणि तू आपली चहा पीत माझ्या सुनांच्या तक्रारी ऐकत होतीस. मी काय तेवढी खुळी आहे?"

"मग बोलली का नाहीस गं, सटवे?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू तर नाकानं कांदे सोलणारी. कशाला सांगशील?"

किनुए काठावर बसली. तिला रडू येत होतं, आणि यासूसमोर रडायचं नव्हतं. यासूनं ते चिरलेलं विषारी बुडखं वळवून बघितलं, कापलेली टोकं मोजली. चार.

"चार कापलेस, चार माझ्याकडे आले. झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "हिशेब पुरा. मी कुणाला काही बोलणार नाही. शुंजीलाही नाही. पुढच्या वर्षी मी सोबत येईन, तू पान बघ, मी गुपचूप हुंगेन. गावाला कळायचं नाही."

यासूकडून एवढं औदार्य किनुएला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. तिनं पाटाकडे बघितलं. पलीकडच्या वळणावर पाणी खोल होतं, सकाळी तिथूनही तिनं हात घालून कापलं होतं. तिथली बुडखी ढवळलेल्या गाळात गेली होती. तिथे सगळे पांढरे दोरेच असतील? असतीलही.

"असतीलही" वर तिला रात्र काढता आली नसती. ती उठली.

उरलेल्या सात घरांपैकी सहा घरी दोघी आधी जुड्या परत मागायला गेल्या. तिथे यासूनंच तोंड चालवलं, "पाल्याला अळी लागलीय, परत द्या," म्हणून. लोकांनी हसत जुड्या दिल्या. किनुए गप्प राहिली, आणि दर घरी हे गप्प राहणं तिला जास्तच जड होत गेलं.

सातवं घर तोकितांचं. दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेलं तरुण जोडपं, हारुना नि तिचा नवरा, आणि दोन वर्षांचा तोमा. हारुनानं दारातच मोठं भांडं दाखवलं. सातही पाले बारीक चिरून एकत्र कालवलेले.

"बघा किनुएआजी! या वेळी सहाच्या सहा आम्ही स्वतः ओळखून आणले. तीन दिवस बांधावर फिरत होतो. तोमानंसुद्धा एक तोडलाय."

"तो पाला टाकून द्यायला लागेल, बाई," यासू म्हणाली. "अळी आहे."

"अळी? मी एकेक पान धुतलंय. एकही नव्हती. आणि असली तरी शिजेल की." हारुनानं भांडं पोटाशी धरलं.

आतून तोमा चमचा आपटत आला. किनुएनं त्याच्याकडे बघितलं.

"अळी नाही," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय. ऑक्टोबरपासून. मला वास येत नाही आणि तरी मी सेरी कापली. त्यात विषसेरी होती. चार देठ सापडलेत. अजून असतील की नाही, मला माहीत नाही."

हारुनाचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत होतं? माहीत असून दिलंत? उद्या हेच याला भरवणार होते मी! पहिला घास याला!"

"हो," किनुए कमरेत वाकून म्हणाली.

दार धाडकन आपटलं. आतून भांडं कचऱ्याच्या पिशवीत उलटं केल्याचा आवाज आला, आणि मग तोमाचं रडणं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. किनुएनं स्वतःच शुंजीला फोन लावला. त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. तो रविवारी येतो म्हणाला.

सात तारखेच्या सकाळी आठ घरांत सहा पाल्यांची पेज शिजली, तोकितांकडे नुसत्या तांदळाची. किनुएनं आपली वाडगाभर खाल्ली. तिला ती गरम लागली, एवढंच. मग ती पाटावर गेली. उपटलेली बुडखी रात्रभर काठावर पडून होती. आजच्या आज चिखलात लावली नाहीत तर पुढच्या वर्षी पाट ओकाबोका. पण कुठली परत लावायची, कुठली फेकायची? गोंधळात एखादी विषारी ढिगात राहिली असेल तर?

मागे बुटांचा पचपच आवाज आला. हारुना होती. चेहरा अजून रागानं ताठ.

"माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "पुन्हा असं होऊ नये म्हणून आलेय. दाखवा."

किनुएनं एक बुडखं उचललं, उरलेलं पान चुरडलं आणि हारुनाच्या हातात दिलं. "पान बघ. मूळ बघ. आणि वास?"

"आहे."

किनुएनं ते चिखलात दाबलं. दुसरं दिलं. "आहे." तिसरं. "आहे." काठावरून यासू ओरडली, "नीट हुंग गं पोरी, घाई करू नकोस!"

विसाव्या बुडख्याशी किनुएचा हात थांबला.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"काय कसा?"

"वास."

हारुनानं तिच्याकडे बघितलं. मग पान पुन्हा चुरडलं, डोळे मिटले आणि बराच वेळ नाकाशी धरलं.

"हिरवा," ती म्हणाली, आणि थांबली. आवाजातला ताठा गेला होता. "थोडा तिखट. पाऊस पडून गेल्यावर बांधावरचं गवत कापतात ना, तसा. आणि मागून गोड."

"मागून गोड," किनुए म्हणाली. "हो. तशीच असते ती."

तिनं ते बुडखं घेऊन चिखलात लावलं, आणि पुढचं हारुनाच्या हातात दिलं.