मोझेलमावशींनी उकळलेली वाईन

आमच्या गावातल्या सात रस्त्यावरून रेल्वेच्या चाळींकडे वळलं की तिसरं दार माझ्या मैत्रिणीचं, मिल्काचं. तिचे वडील रूबेनकाका थळकर रेल्वेत गार्ड होते. मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे, आणि शुक्रवारी दिवेलागणीला पेल्यावर प्रार्थना होई. पेल्यात असे काळ्या मनुकांचं सरबत. सकाळी भिजवलेल्या मनुका दुपारी मी आणि मिल्का कुस्करायचो, तिची आई, मोझेलमावशी, फडक्यातून गाळायच्या. पेला भरायचं काम माझं. प्रार्थना झाली की तो फिरायचा: काका, मावशी, मिल्का, मग मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. येता-जाता मी त्या घरात चौथी होऊन गेले होते.

एकतीस साली काकांची झाशीला बदली झाली. निघण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांचे थोरले भाऊ इलियाकाका मुंबईहून आले. एडनला बरीच वर्षं नोकरी करून परतलेले. पंच्यात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी जपून बाहेर काढली.

"आज मनुका राहू देत. ही खरी द्राक्षाची वाईन, थेट यरुशलेमच्या बाजूची. कोशेर!"

"कोशेर म्हंजे?" मी विचारलं.

"आमच्या धर्मात चालणारी. बाहेरच्याचा हात न लागलेली."

"म्हंजे सोवळ्यातली की!"

रूबेनकाका इतके हसले की बूच अर्ध्यातच अडकलं. शेवटी ते निघालं आणि खोलीभर आंबूस-गोड वास पसरला. मी नेहमीसारखी पेला भरायला पुढे झाले.

"ए पोरी, थांब!" इलियाकाका ओरडले. "उघडी बाटली आहे. तुझा हात लागला तर प्रार्थनेला चालायची नाही."

मी चटकन मागे सरले. राग नाही आला. आमच्या घरी आई सोवळ्यात असली की मी अशीच सरायचे. मोझेलमावशी आमच्याकडे आल्या तर ओट्यावरच बसायच्या आणि आई वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायची. कसं सरायचं, कुठं उभं राहायचं, मला सगळं येत होतं. परकर आवरून, अंग चोरून मी दाराशी जाऊन उभी राहिले. फक्त आजचा पेला आपल्याकडे येणार नाही, एवढंच कळलं.

"वच्छले, तिकडं का गं?" मावशी म्हणाल्या.

"मी ओवळी हाय की, मावशी."

मावशी इलियाकाकांकडे वळल्या. "भावोजी, उकळली तर?"

"उकळलेली चालते. मग कुणीही ओतावी. पण मोझेल, एवढ्या लांबून आणली मी! चव मरेल तिची."

"मरू दे."

ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या दिव्यापासूनच सुरू होई; दिवा लागल्यावर विस्तवाला हात लावायचा नव्हता. मावशींनी चुलीवर पातेलं चढवलं, मिल्काने फुंकणी घेतली. वाईन उकळू लागली आणि तिचा वास चाळभर झाला. शेजारच्या अजीजाबी खिडकीतून ओरडल्या, "क्या जलारैं गे?"

"माझं काळीज!" इलियाकाका म्हणाले.

पातेलं परातीतल्या पाण्यात निववलं. "ओत," मावशी म्हणाल्या. मी ओतली, थोडी सांडलीही. मावशींनी दिवा लावला. इलियाकाकांनी प्रार्थना म्हटली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काढा झाला नुसता!"

"सर्दी तरी जाईल," रूबेनकाका म्हणाले.

मावशी प्यायल्या, मिल्का प्यायली. मग पेला माझ्याकडे आला. कोमट, आंबट, मागून कडू. जीभ आखडून गेली. मी उरलेला सगळा घोट तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"गिळ की गं!" मिल्काने मला कोपर मारलं. मी मान हलवली.

पुढं कधीतरी ती इस्राएलला गेल्याचं कानावर आलं. पत्ता कुणाकडेच नव्हता. आता मिल्का असेल की नसेल, कोण जाणे.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसायचे थांबून माझ्याकडे बघत होते. माझे गाल फुगलेले, मिल्का हसून हसून वाकलेली. गिळलं की आमचा शेवटचा शुक्रवार संपणार होता. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला गिळावं लागलं.