नूरीचा वन्स मोअर

वडशाच्या स्टेशन रोडवर नईम शेखचं शिलाईचं दुकान होतं, आणि या नईमनं सात सिनेमांत काम केलं होतं. ही गोष्ट तो आपणहून कोणाला सांगत नसे. फक्त छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, "श्वास सोडा भाऊ, एवढा काऊन रोकून राह्यले? मी दीड मिनिट रोकला होता, पिक्चरमदी." मग गिऱ्हाइकानं 'कोणता पिक्चर' म्हणून विचारलं, तर त्यात नईमचा काय दोष!

सिनेमे मात्र पोस्टर लागणारे नव्हते. शहरातली चार-सहा शिकलेली पोरं एक जीप आणि एक कॅमेरा घेऊन जंगलात यायची, पदरमोड करून महिनाभर शूटिंग करायची आणि कुठल्या तरी लांबच्या महोत्सवात ते दाखवायची. वडशाला आलीच तर त्याची कॅसेट यायची, पुढे पुढे सीडी. शहाण्णव साली पहिल्या सिनेमात नईम मोळीविक्याचं प्रेत झाला. दुसऱ्यात तो वनरक्षक होता, पण पाठमोरा. तिसऱ्याचं शूटिंग गडचांदूरकडे झालं, आणि त्यात त्याच्या तोंडाला एवढी चुनखडी फासली की सख्ख्या भावानं ओळखलं नाही. चौथ्यात त्याचा उजवा हात कोणाला तरी पत्र देतो. पाचव्यात पुन्हा प्रेत. सहाव्यात तोंडावर घोंगडं. सातव्यात अख्खा चेहरा आणि एक वाक्यसुद्धा होतं, तेच नेमकं कापलं गेलं. त्याच्या मुलीनं, गुड्डीनं, घड्याळ लावून मोजलं होतं: सात सिनेमे मिळून अब्बांचा चेहरा अकरा सेकंद.

"त्यातले सात सेकंद तं डोळे मिटून हायेत," नूरी म्हणाली.

नूरी म्हणजे नईमची बायको. दुकानात काज-बटन तिच्याकडे असायचं, आणि नईमच्या कलेवरचा शेवटचा शब्दही तिच्याकडेच. वडसा ही झाडीपट्टीच्या नाटकांची मोठी पेठ. थंडी पडली की इथल्या कंपन्या गावोगाव प्रयोग लावतात, आणि त्या प्रयोगांत नईम बावीस हंगाम फुटकळ भूमिका करत आला होता. दिवाण, वकील, सासरा. बहुतेक वेळा तो तिसऱ्या अंकात मरायचा, आणि फार सुंदर मरायचा.

आता या मुलखात एक रीत आहे. प्रेक्षकाला गाणं आवडो, संवाद आवडो की मरण आवडो, तो 'वन्स मोअर' म्हणून ओरडतो, आणि नटानं तेवढं परत करून दाखवायचं. नाही म्हणणं म्हणजे समोर बसलेल्या माणसाचा अपमान. नईम आरमोरीकडच्या एका प्रयोगात चार वेळा उठला आणि पाच वेळा मेला. पण त्या चारही आरोळ्यांत नूरीचा आवाज नव्हता. ती बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत शाल पांघरून बसायची, सगळं बघायची, आणि चकार शब्द काढायची नाही. तिनं उभ्या आयुष्यात एकच वन्स मोअर दिला होता, एकोणनव्वद साली, तोही लच्छू नावाच्या विनोदी नटाला. लच्छू पुढे नाटक सोडून राइस मिलवर लागला, तरी नईम त्याच्या पॅन्टी अजून इंचभर आखूडच शिवायचा.

"मले काऊन नाई देत?" त्यानं किती वेळा विचारलं असेल.

"देण्यासारखं करा, मंग देईन," नूरी म्हणायची आणि दातानं दोरा तोडायची.

कबूल करत नसला तरी नईमला हवा होता तो एवढा एकच शब्द. स्टेजवर मरताना त्याचा एक डोळा नेहमी त्या शालीकडे असायचा.

दोन हजार चार साली दिव्यानी आली. ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, सिनेमाचं शिक्षण घेऊन परतलेली सव्वीस वर्षांची मुलगी. दुकानात शिरली आणि म्हणाली, "नईमभाऊ, तुमचं मरण मी तीनदा पाह्यलं. आता जरा जिवंत माणूस करता का?"

नईमच्या हातून कात्री खाली पडली.

सीन असा होता. जंगलातल्या एका गावाला पहिल्यांदाच एसटी येणार असते. एक म्हातारा सकाळपासून रस्त्याकडेच्या दगडावर झेंडूचा हार घेऊन बसतो. बस येते, आणि न थांबता निघून जाते. म्हातारा बघत राहतो. मग म्हणतो, "आली तं खरी!" आणि हार स्वतःच्याच गळ्यात घालतो. एवढंच. पण चेहरा अख्खा, उन्हात, डोळे उघडे.

नईम आठवडाभर मशीन चालवताना 'आली तं खरी, आली तं खरी' करत होता. त्या भरात एका मास्तरांच्या शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या.

शूटिंग कुरखेड्याच्या पुढे एका गावाबाहेर होतं. दिव्यानीकडे माणसं मोजकीच, म्हणून कपडेपट नूरीनं सांभाळला. पहिल्या दिवशी उन्हानं दगा दिला. दुसऱ्या दिवशी ऐन वेळी एक बकरी मध्ये आली आणि तिनं हार खाल्ला. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं, तर बसच्या ड्रायव्हरनं, चैतूनं, बरोबर नईमसमोर ब्रेक मारला.

"थांबायचं नव्हतं नं!" दिव्यानी ओरडली.

"म्हातारा मानूस हार घेऊन बसला हाय," चैतू म्हणाला, "मी कसा निघून जाऊ?"

चौथ्या दिवशी रिळांचा एकच डबा उरला. दिव्यानीनं सगळ्यांना गोळा केलं. "यात चार मिनिटांची रीळ हाय. बसगाडीले पुढं वऱ्हाड आणाले जायचं हाय, ती एकदाच येईल. कोणी खोकललं तरी आवाज टेप होते. समजलं?"

अख्खा गाव बघायला लोटला होता. गर्दी गप्प ठेवायचं काम नूरीनं अंगावर घेतलं. हातातली सुई सगळ्यांना दाखवत ती म्हणाली, "ज्यानं तोंड उघडलं, त्याचं मी शिवून टाकीन!" लोक एकदम चिडीचूप झाले.

कॅमेरा खर्रर्र करत सुरू झाला. बस आली. चैतूनं या खेपेला काळजावर दगड ठेवून गाडी हाणली. धुरळा खाली बसला आणि नईमनं जाणाऱ्या बसकडे पाहिलं. त्याला त्याचे सातही सिनेमे आठवले, असेच समोरून न थांबता गेलेले. आणि त्याला हसू आलं, खरंखुरं, पोटातून. "आली तं खरी!" तो म्हणाला आणि त्यानं हार गळ्यात घातला.

"वन्स मोअर!"

आवाज कॅमेऱ्याच्या मागून आला. नूरी उभी होती, एका हातात सुई, डोळ्यांत पाणी, आणि दुसरा हात तिनं आता घाईघाईनं स्वतःच्या तोंडावर दाबला होता.

नईमला सगळं कळत होतं. शेवटचा डबा आहे, रीळ फिरते आहे, मॅडमनं अजून 'कट' म्हटलेलं नाही. आपण गुमान बसून राहिलो तर तो आवाज कापता येईल आणि चेहरा वाचेल. उठलो, तर आठव्यांदा गेलो. पण बावीस हंगाम ज्याची वाट पाहिली तो शब्द आला होता, आणि झाडीपट्टीचा नट वन्स मोअर परत पाठवत नाही. तो उठला. नूरीला त्यानं लवून आदाब केला, हार काढून हातात घेतला आणि परत दगडावर जाऊन बसला.

बस तर वऱ्हाड आणायला गेली होती. रस्ता रिकामा. नईमनं डावीकडच्या वळणाकडे मान केली, डोळे बारीक केले आणि तिथून बस आणली. ती जवळ आली तसा तो अर्धवट उठला, समोरून गेली तसा धुरळ्यानं त्यानं तोंड वाकडं केलं, आणि दूर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. दीडशे माणसांच्या माना त्याच्यासोबत फिरल्या. "आली तं खरी!" हार गळ्यात पडला आणि कॅमेऱ्यातली रीळ खट् करून संपली.

दिव्यानीनं रिळांचा रिकामा डबा उलटा करून पाहिला.

"माफ करा मॅडम," नूरी रडकुंडीला येऊन म्हणाली. "बावीस वर्सं यायच्यासाठी तोंड बंद होतं माझं, आजच कसं उघडलं!" वडशाला परतताना जीपमध्ये ती वाटभर कपाळ बडवत होती. "तुमचा चेहरा मीच खाल्ला जी, गुड्डीचे अब्बा. मॅडम आता समदं कापून टाकन."

"कापू दे!" नईम म्हणाला. तो जीपच्या टपावर बसून गाणं म्हणायचा तेवढा बाकी होता. "समदं कापू दे! मले भेटलं नं माझं!" दुसऱ्या दिवशी तो राइस मिलवर गेला, बातमी सांगून लच्छूला मिठी मारली आणि त्याच्या दोन पॅन्टी आणून तुरपाई उसवून इंचभर लांब करून दिल्या. लच्छूला काही समजलं नाही, पण पॅन्टी छान बसल्या.

वर्षभरानं दिव्यानी सिनेमा घेऊन वडशाला आली. टाकीजमध्ये सकाळचा शो ठेवला. नईम दुकानातून तसाच निघाला, गळ्यातला टेप काढायचं भान राहिलं नाही. पडद्यावर बस आली, गेली, आणि मग नईमचा चेहरा आला, केवढा तरी, भिंतीएवढा. गुड्डीनं घड्याळ लावलं होतं, ते ती बघायचंच विसरली. "आली तं खरी!" पडद्यावरचा नईम म्हणाला. आणि त्याच पडद्यातून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

दिव्यानीनं काही म्हणजे काही कापलं नव्हतं.

टाकीज शिट्ट्यांनी दणाणलं. नूरीनं ओढणी तोंडावर घेतली आणि एका डोळ्यापुरती फट ठेवली. पडद्यावर नईमनं आदाब केला, परत दगडावर बसला आणि न आलेली बस घेऊन आला. नईमला वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल, आणि मेल्यावर कोणी उठवलंही नाही तरी चालेल.

सिनेमा संपला, दिवे लागले. दिव्यानीनं पुढे येऊन विचारलं, "कोणाले काई बोलायचं हाय?"

पहिल्या रांगेतून नूरी उभी राहिली. ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि साऱ्या वडशादेखत म्हणाली, "वन्स मोअर!"

"रीळ मागं नाई होत बाई!" वरून मशीनवाला ओरडला.

"पण मानूस हाय नं इथी!" मागून लच्छू ओरडला.

नईम उठला. पडद्यासमोरच्या पायरीवर जाऊन बसला. दगड नव्हता, ऊन नव्हतं, हार नव्हता, म्हणून त्यानं गळ्यातला टेप काढून हातात धरला. मान डावीकडे केली, डोळे बारीक केले. मग बस आली. सगळ्या टाकीजच्या माना डावीकडून उजवीकडे फिरत गेल्या, आणि पहिल्या रांगेत नूरीनं, बसला जायला जागा व्हावी म्हणून, आपले पाय आत ओढून घेतले.