देवघरातली लढाऊ विमानं

खंडेनवमीला बाणूबाईने देवापुढे विळा मांडला, कुऱ्हाड मांडली, मेंढरं कातरायची मोठी कात्री मांडली आणि त्यांच्या शेजारी जावयाने पुण्याहून पाठवलेला चार्जरही मांडला. खिशात मावणारी ती डबी. आधी तिच्यात वीज भरून ठेवायची आणि लाईट गेली की फोनला पाजायची. वरच्या बाजूला निळ्या आभाळात तीन लढाऊ विमानं रंगवलेली, पंखांखाली बाँब लटकलेले. बिदरच्या हवाई तळावरची विमानं त्यांच्या खटकचिंचोळी गावावरून एरवीही घोंघावत जायची, त्यामुळे बाणूबाईला ती ओळखीची होती. लढाईचं सामान ते, मग पूजेत नको?

"चित्र हाय गं ते," तिचा नवरा सिद्धाप्पा म्हणाला.

"देव बी चित्रातलाच हाय की," म्हणत तिने विमानांना हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

आता या घरचा नियम असा, की एकदा पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. नियम सिद्धाप्पाच्या वडिलांचा, पण पहारा बाणूबाईचा. मागच्या वर्षी तिने नवऱ्याला विळा घेऊ दिला नाही, तेव्हा बिचाऱ्याने नारळ दगडावर आपटून खाल्ला होता.

पूजा आटोपून तिने फोन बघितला, तर तो बंद. गावचा ट्रान्सफॉर्मर परवा जळाला होता आणि गल्लीतले सगळेच फोन गार पडले होते. तिकडे पुण्यात लेक रेणू दवाखान्यात. सकाळीच जावई रविकुमार म्हणाला होता, "आत नेलंय, मामी. बाळ झाल्याबरोबर फोन लावतो."

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायची बाणूबाईला केवढी हौस! खोली सारवून झाली होती, डिंक आणि खोबरं डब्यात भरून ठेवलं होतं. पण डॉक्टरांनी रेणूला प्रवास करू दिला नाही. दसरा झाला की बाणूबाईच पुण्याला जाणार होती, तर बाळालाच घाई झाली.

"घे की ती डबी," सिद्धाप्पा म्हणाला.

"पुजल्याली हाय!"

"मग कामून पुजलीस?"

बाणूबाई तरातरा शेजारच्या महादेवीकडे गेली. महादेवीच्या पोराचा ट्रॅक्टर होता, त्याच्या बॅटरीवर फोन चालला असता.

"ट्रॅक्टर बी पुजलाय, अक्का," महादेवी हळहळली. "किल्ली देवापुढं हाय."

बाणूबाई रडवेली होऊन परतली. ती रडकुंडीला आली की सिद्धाप्पाचं डोकं चालायला लागायचं.

"हत्याराला हात लावायचा न्हाई, व्हय ना? फोनला कुठं बंदी हाय? त्यालाच देवघरात ने."

डबीची वायर आधीपासून तिलाच जोडलेली होती आणि तिचं मोकळं टोक पाटाखाली आलं होतं. ते फोनमध्ये खोचलं. काहीच झालं नाही. विमानांच्या शेपटाजवळचं बटन दाबायचं राहिलं होतं. सिद्धाप्पाने बोट पुढे केलं.

"हात लावायलास?" बाणूबाई कडाडली.

मग तीच गुडघ्यांवर बसली आणि डोकं टेकवायला वाकली. नमस्काराला कसली आलीय बंदी? पहिला नमस्कार चुकला, झेंडूचं फूल तेवढं घरंगळलं. दुसरा तिने नेम धरून, कपाळ दाबून केला. डबीवर निळा दिवा लागला.

"पावली!" सिद्धाप्पा ओरडला.

फोन शुद्धीवर यायला वेळ लागला आणि आला तो वाजतच. वायर वीतभर होती, म्हणून बाणूबाई जमिनीवर आडवी झाली आणि तिने आवाज मोठा केला.

"मामी, मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत!"

पाठोपाठ बाळाचं रडणं आलं. विळ्याकुऱ्हाडीमधून ते असं खणखणीत घुमलं, की सिद्धाप्पाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. बाणूबाईचा आनंद तर मावेना.

"आई, कुठं हायस?" रेणूचा थकलेला आवाज आला.

"देवघरात. तुझ्याजवळच हाय की, बाई."

रडणं गल्लीपर्यंत गेलं असावं. महादेवी धावत दारात आली.

"अक्का, कुणाचं बाळ रडायलंय?"

बाणूबाईने पडल्या पडल्या मान वळवली. कपाळभर कुंकू फासलेलं होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "घरात बाळंतीण हाय."