रोजची कोंबडी

पाहुण्याला घरात बसवून आपली तंगी सांगायची, ही आमच्या सवाईई बेटावर लाजेची गोष्ट. हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच मुरलेलं आहे. आणि त्यानेच माझा घात केला.

ऑकलंडच्या एका मोठ्या दुकानाकडून एक बाई आली होती. आमच्या कोकोची चॉकलेटं ते विकतात. पिकवणाऱ्याचं घर नीट चालेल असा भाव द्यायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून आधी घरं कशी चालतात ते बाई विचारत फिरत होती. भाव वाढला असता तर माझा नवरा वाएलुआ यंदा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला नसता. मागच्या वेळी सात महिन्यांनी आला, तर धाकटी त्याला ओळखेना, माझ्या मागे लपली. मला तो घरी हवा होता, बस्स.

आणि मी काय केलं? शेजारच्या तोफिगाकडून कोंबडी मागून आणली. सासूबाईंनी ठेवणीतली चटई अंथरली. बाई मांडी घालून बसली, जेवता जेवता तिने कागद काढला.

"आठवड्यातून किती वेळा मांस खाता?"

तिच्या हातात तंगडी होती. दोन महिन्यांतून एकदा म्हणाले असते, तर तो घास तिला गिळवला नसता.

"रोजच की," मी म्हणाले.

"घे गं अजून, लाजू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कशाची ददात नाही."

वाएलुआ दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आत येऊन बाईला अजून एक तुकडा वाढला.

संध्याकाळी तोफिगा छाती फुगवून आला. "बाई माझ्याकडेही जेवली, मी डुक्कर कापलं. तुझ्या कोंबडीपुढे माझंच भारी."

"कोंबडीही तुझीच होती," मी म्हणाले.

तीन महिन्यांनी पत्र आलं. आमच्या गावाचं बरं चाललं आहे, म्हणून वाढीव भाव पलीकडच्या बेटाला. पाद्रीबुवांनी ते वाचून दाखवलं तेव्हा कुणी कुणाकडे बघेना.

वाएलुआ गेला. बोटीत चढताना म्हणाला, "येतो, रोज कोंबडी खाणाऱ्या बाई." हसायचा प्रयत्न केला मी. जमलं नाही.

परवा त्याचा फोन आला. "इथली सफरचंदंही तेच दुकान विकतं. त्यांची माणसं मळ्यावर आली होती. मजुरी पुरते का, विचारत होती."

"मग?"

"त्यांनी जेवायला बसवलं होतं गं. त्यांचंच ताट पुढ्यात, तंगी कशी सांगू? पुरते म्हणालो."

मी चिडायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने चिडणार?

"आज काय केलंस जेवायला?" त्याने विचारलं.

पोरींच्या पुढ्यात उकडलेली हिरवी केळी होती, कालचीच.

"कोंबडी," मी म्हणाले.