केसभर डावीकडे

भिंगरीला एका जागी बसवायचं तर खुर्चीला बांधूनच ठेवावं लागलं असतं. हे नाव तिला ताईने लहानपणी दिलं होतं. पुढे दोघी बहिणी एकाच कारखान्यात कामाला लागल्या आणि ते नाव मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. ताई सेन्सर जोडायची, भिंगरी त्यांचं डिझाइन करायची. आज सकाळपासून तिच्या चाचणीच्या खोलीत इतक्या येरझारा झाल्या होत्या, की मालक म्हणाले, "अहो, फरशी झिजेल!"

जीव टांगणीला लागायला कारणही तसंच होतं. सेन्सर म्हणजे मशीनच्या हाताचं मनगट. वाटीएवढी धातूची चकती आणि तिच्यावर चिकटवलेल्या नखाहून पातळ पट्ट्या. हात किती जोराने ढकलतोय आणि किती पिळतोय, ते या पट्ट्यांना बसणाऱ्या ताणावरून कळतं. जुन्या सेन्सरला चारी बाजूंनी मिळून सोळा पट्ट्या लागायच्या. चकती फिरवत, श्वास रोखून त्या चिकटवणं अख्ख्या कारखान्यात एकट्या ताईला जमायचं. भिंगरीने दोन वर्षं डोकं खपवून नवी चकती काढली होती. सगळ्या पट्ट्या एकाच सपाट बाजूला, आणि प्रत्येकीची जागा दाखवणारी बारीक रेघ आधीच कोरलेली. "शेंबड्या पोरालाही जमेल," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. ताई ते ऐकायची आणि चिमट्याने पुढची पट्टी उचलायची.

चाचणीसाठी दहा नग तयार केले होते. पाच ताईने आणि पाच स्टोअरकाकांनी. काकांनी जन्मात खोकी आणि वह्या यांपलीकडे कशाला हात लावला नव्हता, म्हणून तर त्यांना मुद्दाम बसवलं होतं. काकांचे पाचही नग सुतासारखे सरळ आले. ताईचे पाचही चुकले. नुसतं वरून ढकललं तरी पिळाचा आकडा हलायचा.

मालकांनी ते आकडे दोनदा पाहिले. "तुमचं डिझाइन पास. काकांना जमलं, आणखी काय पाहिजे? पण ताईंचं काय हो?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डोळे गेले असणार. वय कुणाला चुकलंय? उद्यापासून पॅकिंगला बसवू त्यांना. दोन वाजता सांगतो. तुम्ही बरोबर असा, घरचं माणूस असलेलं बरं."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भिंगरी कडाकडा भांडली असती. आधी तिला आनंद झाला, मग त्या आनंदाची शरम वाटली. ताईला त्या टेबलावरून उठवायचं? बावीस वर्षं त्या टेबलावर ताईची मान वाकलेली होती.

ती ते पाच नग घेऊन सूक्ष्मदर्शकाकडे गेली. नजर अधू झालेल्या माणसाचं काम कसं दिसेल, ते तिला ठाऊक होतं. एक पट्टी इकडे, एक तिकडे. तिने पहिला नग पाहिला, दुसरा पाहिला, आणि पाचवा पाहून झाल्यावर पुन्हा पहिला लावला. प्रत्येक पट्टी रेघेपासून केसभर डावीकडे होती. सगळ्या एकाच दिशेला आणि सगळ्या तितक्याच. अधू नजरेला हे साधेल होय?

ताई जेवणाचा डबा पुसत होती.

"ताई, पट्ट्या रेघेवर का नाही लावल्यास?"

"लावल्या की."

"केसभर डावीकडे आहेत. पाचही नगांत."

"मग तिथेच लावतात त्या. अकरा वर्षं तिथेच लावतेय."

"ड्रॉइंगमध्ये असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, म्हणून तर लावते." ताईने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे लावलेले पहिले सहा नग वाया गेले होते. तुझ्यापर्यंत येऊच दिले नाहीत मी. ढकललं की पिळाचा आकडा हलायचा. मग जरा डावीकडे लावून बघितलं, मग आणखी जरा. सातवा बरोबर आला."

भिंगरीला जुन्या चकतीचं ड्रॉइंग आठवलं. जुनी चकती तिची होती, आयुष्यातली पहिली. वायर जायला तिने एका बाजूला भोक ठेवलं होतं आणि हिशेबात ते भोक धरायचंच विसरली होती. त्या बाजूला धातू कमजोर, म्हणजे ताण सरकणारच. त्याच सेन्सरवर तिला बढती मिळाली, केबिन मिळाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. हाकललं असतं तुला. नंतर सांगू म्हटलं, तर तू हवेत. मग राहूनच गेलं."

"अगं, पण नव्या चकतीत भोक मधोमध आहे. इथे काही सरकवायचं नव्हतं!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? म्हटलं, भिंगरीचं ड्रॉइंग, केसभर चुकलेलं असणारच."

भिंगरीला खुदकन हसू आलं, आणि लगेच रडूही. घड्याळात दोनला दहा कमी होते. आता मूग गिळून बसायचं, की झालं. डिझाइन पास झालेलंच होतं आणि ताई तर अकरा वर्षांत अवाक्षर बोलली नव्हती, आताही बोलली नसती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला वर शाबासकी. तो विचार मनात आला, चांगला पाच-सहा मिनिटं ठाण मांडून बसला, आणि त्यासाठी भिंगरीने स्वतःला कधी माफ केलं नाही.

दोन वाजता मालकांनी घसा खाकरला. "ताई, बावीस वर्षं तुम्ही..."

"ड्रॉइंग चुकलंय," भिंगरी म्हणाली. "नवं नाही, जुनं. माझं." मग तिने सगळं सांगितलं. भोक, वाया गेलेले सहा नग, डावीकडच्या पट्ट्या.

मालकांनी आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. "म्हणजे आपण इतकी वर्षं जो माल विकला..."

"तो ताईच्या हातामुळे बरोबर होता."

ताईचा चेहरा लाल झाला. "काय गरज होती? अकरा वर्षं झाकलं मी!"

"ते तुला पॅकिंगला बसवणार होते, ताई."

ताईने मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीकडे पाहू लागले. मग त्यांनी ड्रॉइंग दुरुस्तीचा कागद काढून पुढे सरकवला. भिंगरीने तिथल्या तिथे तो भरला. चूक कुणी शोधली, तिथे ताईचं नाव. चूक कुणाची, तिथे स्वतःचं. खाली ताईची सही हवी होती.

ताईने कागद हातभर लांब धरून सावकाश वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"इथे माझं नाव लिही," भिंगरीच्या नावावर बोट ठेवून ती मालकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली. "जोडणारीची चूक म्हण. पॅकिंग काय वाईट असतं? बसूनच तर काम."

"ताई, सही कर!" भिंगरी ओरडली, आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागली.

मालकांनी पाणी मागवलं. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, "वेडी आहेस का," असं चार-पाचदा म्हणून पाहिलं. धाकटीचं रडणं काही केल्या थांबेना, तेव्हा कुठे तिने पेन उचललं.